व्यापारसंघ सोडताना : ब्रिटनचा हिशेब

यंदा आमच्या अर्थशास्त्र मंडळाने वादविवादासाठी विषय ठेवला होता : 'युरोपीय संघ सोडून ब्रिटनने आपले आर्थिक हित साधले आहे.' वक्ते तयारीचे होते. अनुकूल बाजू म्हणाली, अर्थतज्ज्ञांची भाकिते खोटी ठरली. प्रतिकूल बाजू म्हणाली, नुकसान झालेच आहे. आकडे दोघांचेही खरे होते आणि टाळ्याही दोघांना सारख्याच पडल्या. मी प्रतिकूल बाजूने बोलले, बक्षीसही मिळाले. परंतु घरी जाताना वाटत राहिले, की आम्ही एकमेकांना उत्तरे दिलीच नाहीत. जो तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. ते प्रश्न सुटे करून मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय सामाईक बाजारपेठेत दाखल झाला. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी आत राहण्याचा कौल दिला. पुढे या संघटनेचे रूपांतर युरोपीय संघात झाले. २३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत झाले आणि ४८.१ विरुद्ध ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचे ठरले. ३१ जानेवारी २०२० रोजी सदस्यत्व संपले व त्या वर्षाच्या अखेरीस संक्रमणकाळही संपला.

व्यापारसंघ म्हणजे जकातमाफी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. २०२० च्या डिसेंबरात झालेल्या करारानुसार ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यात तयार होणाऱ्या मालावर आजही जकात नाही. मग अडले कोठे? अडले ते कागदपत्रांत. संघात असताना नियम एकच होते, त्यामुळे मालमोटार सरहद्दीवर थांबत नसे. आता जकात नाक्याची घोषणापत्रे, माल खरोखर ब्रिटनमध्येच तयार झाल्याचा पुरावा, मांस-मासळी-दुधाच्या पदार्थांना आरोग्याचे दाखले, हे सारे आले. मोठा कारखानदार यासाठी माणसे नेमतो. चार पेट्या पाठवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला मात्र तो खर्च परवडत नाही. याच्या मोबदल्यात ब्रिटनला काय मिळाले? परदेशांशी स्वतःचे व्यापारी करार करण्याची मोकळीक. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला करार ब्रिटनला संघात राहून स्वतंत्रपणे करता आला नसता. अनुकूल बाजूचा हा मुद्दा रास्त होता.

आता पहिला प्रश्न : परिणाम केव्हाचा? मे २०१६ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने इशारा दिला होता, की बाहेर पडण्याचा कौल मिळताच मंदी येईल आणि बेकारी सुमारे ५ लाखांनी वाढेल. पौंड कोसळला खरा, आयात महागलीही. पण मंदी आली नाही आणि बेकारी उलट घटली. परंतु त्याच खात्याने महिनाभर आधी दुसरा अंदाज दिला होता, की वाटाघाटींतून व्यापारी करार झाला तरी १५ वर्षांनंतर राष्ट्रीय उत्पन्न आत राहिल्यास जेवढे झाले असते त्यापेक्षा ६.२ टक्क्यांनी कमी असेल. एक अंदाज वादळाचा, दुसरा झिजेचा. वादळ आले नाही म्हणून झीज होत नाही, असे सिद्ध होत नाही. तेथील सरकारी अंदाजपत्रकांची स्वतंत्र छाननी करणाऱ्या कार्यालयाने पुढे ही दीर्घकालीन घट उत्पादकतेच्या ४ टक्के धरली आहे.

दुसरा प्रश्न : तुलना कशाशी? जे शेत पेरलेच नाही त्याचे पीक कसे मोजावे? २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध आणि इंधनाची महागाई. काय कशामुळे झाले? अर्थतज्ज्ञ यावर एक युक्ती करतात. २०१६ पूर्वी ज्यांची वाढ ब्रिटनशी जुळत होती, अशा देशांचे ठराविक प्रमाणात मिश्रण करून ते एक कल्पित ब्रिटन उभा करतात आणि खऱ्या ब्रिटनची तुलना त्याच्याशी करतात. युक्ती उपयोगी आहे, पण मिश्रणात कोणते देश घ्यावेत यावर उत्तर थोडेफार बदलते.

तिसरा प्रश्न आम्हा वक्त्यांपैकी कोणालाच सुचला नाही. तो सुचला एका गोवेकर मैत्रिणीला. "तुम्ही स्विंडनचे नाव का घेतले नाही?" तिने विचारले. तिचे मामा तेथे असतात. १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्या पारपत्राच्या आधारे हजारो गोवेकर इंग्लंडातील या शहरात स्थायिक झाले. याच स्विंडनने सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. तेथील होंडा मोटारींचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला व सुमारे ३,५०० नोकऱ्या गेल्या. कंपनी म्हणाली, याचा युरोपीय संघ सोडण्याशी संबंध नाही. जग विजेच्या मोटारींकडे वळत आहे. आता ही नोकरकपात कोणत्या रकान्यात मांडावी?

मामांना राहण्याचा हक्क मिळाला, कारण ते आधीपासून तेथे होते. मैत्रिणीचा मावसभाऊ मात्र कागदपत्रे जमवीत राहिला आणि २०२० संपले. आता तेच पारपत्र हाती असूनही ब्रिटनमध्ये नोकरीसाठी त्याला परवाना लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत हा मुलगा कोठे दिसणार?

लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक आनंद मेनन यांनी सार्वमतापूर्वीच्या न्यूकॅसलमधील एका सभेची आठवण सांगितली आहे. बाहेर पडल्यास राष्ट्रीय उत्पन्न घटेल, असे सांगितले जात असताना श्रोत्यांतील एक बाई ओरडून म्हणाल्या, की ते उत्पन्न तुमचे, आमचे नव्हे. ज्या गावांतले कारखाने पूर्वीच बंद पडले होते, त्यांना सरासरीचे भय कसे वाटावे? मात्र सरासरी घटली, की सरकारी तिजोरीही आटते आणि इस्पितळे-शाळांची ओढाताण त्याच गावांना आधी जाणवते. त्या बाईंचा राग खरा होता. अर्थतज्ज्ञांचा आकडाही बहुधा खरा होता. दोघांची गाठ मात्र पडली नाही.

पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा ठेवला, तर मी कोणतीही बाजू घ्यायला तयार आहे. फक्त बोलण्यापूर्वी सांगेन, की मी केव्हाचे, कशाच्या तुलनेत आणि कोणाचे नुकसान मोजते आहे. बक्षीस मिळाले नाही तरी चालेल.