पदवीच्या वर्गातले खगोलशास्त्र
भारतात बारावीनंतर थेट खगोलशास्त्राची पदवी देणारे अभ्यासक्रम मोजकेच आहेत. बहुतेक विद्यार्थी भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करून मग या विषयाकडे वळतात, आणि तो मार्ग योग्यच आहे. ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात उलगडला की त्यातल्या काळ्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान, त्यातली मूलद्रव्ये आणि त्याचा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कळतो. पण त्या रेषा मुळात का उमटतात, हे पुंजयामिकीशिवाय समजत नाही. ताऱ्याच्या गाभ्यातल्या ऊर्जेसाठी अणुकेंद्रीय भौतिकी हवी, ग्रहांच्या कक्षांसाठी यामिकी. गणित तर पदोपदी लागते. प्रोग्रॅमिंग, विशेषतः पायथॉन, पहिल्या वर्षापासूनच शिकावे, कारण आजच्या निरीक्षकाचा बराचसा वेळ दुर्बिणीने गोळा केलेल्या माहितीचे विश्लेषण करण्यात जातो.

खगोलशास्त्र शिकण्याच्या बाबतीत पुण्याचे विद्यार्थी भाग्यवान आहेत. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. ती चालवणारी एनसीआरए ही संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरवत आली आहे.