मोकेन : नौकेवरून किनाऱ्याकडे

ब्रह्मदेशाच्या (म्यानमार) दक्षिण किनाऱ्यालगत, अंदमान समुद्रात, मेर्गुई द्वीपसमूहाची सुमारे आठशे बेटे पसरली आहेत. या बेटांत आणि थायलंडच्या हद्दीतील सुरिन बेटांत मोकेन लोक पिढ्यान् पिढ्या नौकांतून राहत आले. त्यांची भाषा ऑस्ट्रोनेशियन कुलातील आहे.

मोकेनांच्या जीवनाचा पाया म्हणजे ‘कबांग’ ही नौका. तिचा तळ एका अखंड खोडातून कोरीत व बाजू पूर्वी ताडवर्गीय झाडाच्या देठांनी, पुढे फळ्यांनी उंचावीत. तिच्या दोन्ही टोकांस खाचा असत. कारण नौका हा मानवी देहच होय, अशी त्यांची कल्पना. कोरड्या ऋतूत कुटुंब तीत राही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होताच किनाऱ्यावर झोपड्या उभारून मुक्काम करी. शिंपले व समुद्रकाकड्या व्यापाऱ्यांस देऊन तांदूळ घेण्याची प्रथा होती. म्हणजे हा समाज भटका असला, तरी जगापासून तुटलेला नव्हता.

या जीवनक्रमास धक्का बसला तो समुद्रामुळे नव्हे, तर मुख्यतः जमिनीवरील कायद्यांमुळे. राष्ट्रांच्या सीमांनी संचार रोखला. १९८१ मध्ये सुरिन बेटे राष्ट्रीय उद्यान ठरली आणि नौकेसाठी मोठा वृक्ष तोडणे निषिद्ध झाले. जुनी नौका जीर्ण झाली, की तिच्या जागी नवी येणे दुष्कर झाले.

२६ डिसेंबर २००४ रोजी समुद्र अकस्मात ओसरला, तेव्हा ‘लाबून’ या महालाटेची परंपरागत कथा स्मरून सुरिनचे मोकेन उंचावर गेले व बचावले. त्यांची वस्ती मात्र वाहून गेली. त्यानंतर ते एकाच गावात स्थिरावले; २०१९ मध्ये त्या गावातील बरीच घरे आगीत भस्मसात झाली. आज पर्यटकांची वाहतूक हे तेथील उपजीविकेचे एक साधन आहे.

स्वीडनमधील संशोधक ॲना गिस्लेन यांना २००३ च्या अभ्यासात आढळले, की मोकेन मुले पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीने सूक्ष्म तपशील पाहू शकतात. पुढे स्वीडिश मुलांनाही सरावाने हे कौशल्य साधले. यावरून ते जन्मजात नसून अभ्यासजन्य दिसते. जे सरावाने येते, ते सरावाशिवाय नव्या पिढीस साधत नाही. म्हणूनच कबांग संग्रहालयात ठेवल्याने मोकेनांचे सागरज्ञान टिकणार नाही. ती बांधण्यास लाकूड आणि फिरण्यास समुद्र मिळाला, तरच ते पुढील पिढीस लाभेल.