डेन्व्हरच्या लॉनखालचं पाणी

२०२० सालच्या ५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पारा १०१ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. ८ सप्टेंबरला तिथेच बर्फ पडला. उत्तरेकडच्या डोंगरांत कॅमेरॉन पीकचा वणवा धुमसत होता आणि शहरात लोक कपाटातले स्वेटर काढत होते. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हवेच्या या कोलांट्या नव्या नाहीत. पण अशा आठवड्यात ज्यांच्या घरापुढे लॉन आहे, त्यांच्या जिवाला एक जास्तीचा घोर लागतो. लॉनखालच्या नळ्या अजून पाण्याने भरलेल्या असतात.

डेन्व्हरमध्ये वर्षाला पंधरा इंचांच्या आत-बाहेर पाऊस-बर्फ मिळून पडतो, पुण्याच्या साधारण निम्मा. शहराच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा पर्वतरांगेच्या पलीकडून बोगद्यांतून आणावा लागतो. अशा कोरड्या गावात केंटुकी ब्लूग्रास हे तहानलेलं गवत हिरवं ठेवायचं तर तुषार सिंचनाला पर्याय नाही. त्यामुळे घरोघरी अंगणाखाली नळ्यांचं जाळं असतं. त्याचे चार-सहा झोन पाडलेले असतात, प्रत्येक झोनला विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, आणि ठरल्या वेळी गवतातून वर डोकावणारे फवारे पाणी मारतात.

या नळ्या जेमतेम आठ ते बारा इंच खोल असतात. डेन्व्हरमध्ये बांधकाम करताना जमीन छत्तीस इंचांपर्यंत गोठू शकते असं धरून पाया घेतात. पिण्याच्या पाण्याची मुख्य नळी त्याहून खाली जाते. लॉनच्या नळ्या तेवढ्या खोल पुरणं परवडत नाही आणि गरजेचंही नाही. हिवाळ्याआधी त्या रिकाम्या केल्या की झालं.

पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, हे शाळेत सगळेच शिकतात. नळी मात्र बऱ्याचदा बर्फ झालेल्या जागी फुटतच नाही. १९९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात घरांतल्या नळ्यांवर प्रयोग झाले, तेव्हा हे नीट उलगडलं. नळीत बर्फाचा बोळा धरतो आणि वाढत जातो. त्याच्या आणि पुढच्या बंद नळाच्या मध्ये सापडलेल्या पाण्याला पळायला वाट राहत नाही. दाब चढत जातो आणि नळी जिथे कमजोर असेल तिथे, कधी बर्फापासून बरीच लांब, उकलते. यातून एक दिलासाही मिळतो: नळी आतून कोरडी ठणठणीत व्हावी लागत नाही. तळाशी थोडं पाणी उरलं आणि वर हवेला जागा असली, तर फुगणाऱ्या बर्फाला वाव मिळतो. धोका असतो तो काठोकाठ भरलेल्या सखल भागाला.

सगळ्यात आधी मार बसतो तो जमिनीखालच्या कशाला नाही. माती उन्हाळ्यातली ऊब आठवडेच्या आठवडे धरून ठेवते, त्यामुळे ऑक्टोबरातली एखादी गोठवणारी रात्र नळ्यांपर्यंत पोचतही नाही. पण घराच्या भिंतीलगत, सगळ्यात उंच फवाऱ्याहून किमान फूटभर वर, एक पितळी जोडणी उभी असते. तिला बॅकफ्लो प्रिव्हेंटर म्हणतात. रस्त्याखालच्या नळातला दाब अचानक पडला, तर लॉनवरचं खत आणि कुत्र्यांची घाण मिसळलेलं पाणी उलटं खेचलं जाऊन पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतं. ते थोपवणं हे तिचं काम. घरातल्यांच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही आरोग्याची ही राखण आहे. आणि तीच बिचारी चहूबाजूंनी वाऱ्यावर उघडी असते. आतली प्लॅस्टिकची झडप आणि तिच्यावरचं झाकण एका रात्रीत तडकू शकतं. पितळच चिरलं तर सगळी जोडणी बदलावी लागते आणि काहीशे डॉलर जातात. म्हणून पहिल्या थंडीचा इशारा आला की बाकी सगळं सोडून तिला जुने टॉवेल गुंडाळावेत आणि वरून प्लॅस्टिक बांधावं. दोन-तीन रात्री त्यावर निभतात, अख्खा हिवाळा नव्हे.

डेन्व्हरमध्ये पहिली गोठवणारी रात्र सरासरीने ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. तिथल्या मराठी घरांत हे दिवस बहुधा नवरात्र-दसऱ्याच्या धामधुमीचे असतात, आणि नळ्या रिकाम्या करणाऱ्यांच्या वेळा मिळवायची झुंबडही तेव्हाच उडते. नळ्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकलायला ही माणसं ट्रेलरवरचा मोठा कंप्रेसर घेऊन येतात.

हा कंप्रेसर मोठा का लागतो, हे समजून घेण्यासारखं आहे. काम दाबाचं कमी, हवेच्या लोटाचं जास्त आहे. गॅरेजमधला छोटा कंप्रेसर मिनिटाला दोन-तीन घनफूट हवा देतो. तेवढी हवा पाण्याच्या डोक्यावरून सरकून निघून जाते आणि पाणी सखल जागी तसंच बसतं. लहान घरालाही मिनिटाला किमान दहा घनफूट हवा हवी, आणि त्याहून जास्त मिळाली तर उत्तम. मग दाब वाढवून कसर भरून काढायचा मोह होतो, तो घातक आहे. कडक पीव्हीसी नळीसाठी ८० पीएसआय आणि काळ्या लवचिक पॉलिथिलीन नळीसाठी ५० पीएसआय ही वरची मर्यादा मानतात. तुलनेसाठी, मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो.

आधी घरातून लॉनकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद होतो. कंप्रेसरची नळी बॅकफ्लो प्रिव्हेंटरच्या पुढे जोडतात, कारण हवा त्याच्यामधून गेली तर झडप खराब होते. हवा सोडण्याआधी एक झोन उघडलेला असलाच पाहिजे. सगळे झोन बंद असताना हवा कोंडली तर बर्फाने करायचं नुकसान कंप्रेसरच करून ठेवतो. सुरुवात सगळ्यात लांबच्या किंवा उंचावरच्या झोनपासून. फवारे आधी जोरात पाणी फेकतात, मग ते तुटक होतं, फुरफुरतं, शेवटी नुसतं धुकं येतं. तिथे थांबायचं. धुकं संपल्यावरही हवा चालू राहिली तर फिरत्या फवाऱ्यांचे प्लॅस्टिकचे दाते पाण्याच्या ओलाव्याशिवाय भरधाव फिरून तापतात आणि झिजतात. एकदाच लांबलचक हवा मारण्यापेक्षा दोन मिनिटांच्या आत आटोपून दुसरी फेरी घेतलेली बरी. डोळ्यांवर चष्मा हवा, फवाऱ्यांवर वाकून पाहायचं नाही आणि मुलांना घरात ठेवायचं.

शेवटी पितळी जोडणीच्या दोन्ही मुठी अर्धवट, ४५ अंशांत ठेवतात. आतल्या गोळ्याला आरपार भोक असतं. मूठ पूर्ण बंद केली तर त्या भोकात चमचाभर पाणी अडकतं, आणि तेवढं पाणी पितळ चिरायला पुरतं. टायमर बंद केला की यंत्रणेचं काम संपतं.

झाडांचं संपत नाही, आणि इथेच बरीच घरं चुकतात. गवत तपकिरी होऊन हिवाळाभर निपचित पडतं, पण डेन्व्हरच्या कोरड्या, उन्हाच्या हिवाळ्यात झाडांची मुळं सुकतात आणि फांद्या पुढच्या उन्हाळ्यात मरतात. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या विस्तार विभागाचा सल्ला असा: जमिनीवर बर्फ नसेल आणि पारा ४० फॅरनहाइटच्या वर असेल, तर ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एक-दोनदा पाणी द्यावं, खोडाच्या जाडीच्या दर इंचाला दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर. ते दुपारी द्यावं, म्हणजे रात्र पडायच्या आत मुरतं.

हे पाणी रबरी पाइपने द्यावं लागतं, आणि झाल्यावर पाइप नळावरून काढायलाच हवा. थंड प्रदेशातल्या बाहेरच्या नळाची झडप भिंतीच्या आत, उबेत असते. नळ बंद केला की पुढचं पाणी ओघळून जातं. पाइप लावलेला राहिला तर ते ओघळत नाही, गोठतं, आणि नळाची नळी भिंतीच्या आत फाटते. हिवाळाभर काहीच कळत नाही. एप्रिल-मेमध्ये कोणी झाडांना पाणी घालायला नळ सोडतो, बाहेर धार बारीक येते आणि तळघरात गालिचा भिजू लागतो.