देणगीच्या पाटीमागचा दरवाजा

जुनं समाजभवन आजच्या नियमांत बसवायचं काम आलं की मी नकाशाआधी किल्ल्यांची चौकशी करतो. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यात मराठी घरांची लग्नं, बारशी, तेरव्या ज्या भवनांत होतात, त्यांतली बरीच कवेलूच्या छपराची, चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींची आहेत. बांधणी दणकट असते. अडतं ते बाहेर पडण्याच्या वाटेवर.

ज्या भवनाबद्दल सांगतोय, तिथे मागच्या बाजूला चॅनल गेट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली कोषाध्यक्षांच्या घरी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "उघडं ठेवलं तं भांडे जातीन ना भाऊ!" वर्गणी जमवून घेतलेली पातेली, पराती, शेकड्यांनी ताटं; त्यांची काळजी खरी होती. म्हणून आधी भांड्यांसाठी वेगळी कुलपाची खोली काढली. मग चॅनल गेट काढून तिथे आतून आडवा दांडा ढकलताच उघडणारा आणि बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारा दरवाजा बसवला. भांडी शाबूत राहिली आणि वाट मोकळी झाली.

पण ती वाट स्वयंपाकघरातून जाणारी, म्हणजे आग लागण्याची शक्यता सर्वात जास्त तिथूनच. सभागृहाला स्वतःचा दुसरा दरवाजा हवाच होता. कार्यकारिणीच्या बैठकीत मी हिशेब मांडला. सभागृह साठ फूट बाय तीस, म्हणजे सुमारे १६७ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार खुर्च्या मांडलेल्या सभेला माणशी ०.६ चौरस मीटर धरतात, म्हणजे पावणेतीनशेच्या वर माणसं. सपाटीवरून बाहेर पडायला माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे जवळपास सहा फूट. आपला पुढचा दरवाजा चार फुटांचा, त्यातलं एक दार कायम कडी लावून बंद, आणि उघडं असतं ते आत उघडणारं.

"आत उघडला काय अन् बाहेर उघडला काय, फरक काय पडते?" एका ज्येष्ठांनी विचारलं. मी डबवालीची गोष्ट सांगितली. हरियाणातलं गाव, २३ डिसेंबर १९९५, लग्नाच्याच कार्यालयात शाळेचा समारंभ. वरच्या कापडी मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं फार. घाबरलेली गर्दी दारावर येऊन दाबते. आत उघडणारं दार मग कोणाच्या बापालाही उघडत नाही. बैठकीत कोणी बोललं नाही. आमच्या वैनगंगेच्याच खोऱ्यातल्या भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाच्या आगीत ९ जानेवारी २०२१ ला दहा बाळं गेली होती, ती सगळ्यांच्या मनात होती. ठराव झाला.

खरी अडचण पुढेच होती. दुसरा दरवाजा जिथे निघू शकत होता, नेमकी तिथेच भिंतीवर दात्यांची संगमरवरी पाटी होती. तिला हात लावायला कोणी तयार होईना. दोन घरांत अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी ज्या घराचं नाव सर्वात वर होतं, त्या घरच्या काकू बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "मामंजींनी पैसे लोकायसाठी देले होते, भिंतीसाठी नाही. काढा पाटी." पाटी आता प्रवेशदाराशी आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त लोक ती वाचतात.

चुन्यातली अठरा इंची भिंत फोडणं हे घाईचं काम नाही. मिस्त्रीने आधी टेकू दिले, भिंतीच्या निम्म्या जाडीत वर खाच कापून लोखंडी चॅनल बसवला, खडीच्या घट्ट मसाल्याने फट भरली, ती पिकू दिली, मग दुसऱ्या बाजूने तसाच दुसरा. दोन्ही चॅनल भार घेऊ लागल्यावरच खालच्या विटा निघाल्या. वर एक केसाएवढीही भेग गेली नाही. त्या मिस्त्रीचं नाव कुठल्याच पाटीवर येणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

थर्माकोलचं खोटं छत उतरवल्यावर कैच्यांची भिंतीत शिरणारी टोकं दिसली. सागवान मधोमध ठणठणीत, टोकाला मात्र ओल आणि वाळवी. स्क्रूड्रायव्हर सहज आत जायचा. तेवढी टोकं कापून लोखंडी पट्ट्यांनी जोड दिला. खोटं छत पुन्हा लावलं नाही. फ्यूजमध्ये तर जाड तांब्याची तार गुंडाळलेली, कारण "लग्नात लाईट जाऊ नये." ती काढून एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, अर्थिंग नव्याने केलं, मंडपवाल्यांसाठी वेगळा बोर्ड दिला. एकास बारा उताराचा रॅम्प झाला, तेव्हा पहिल्यांदा काही म्हातारी माणसं कोणी न उचलता आत आली.

मंडपवाल्यांची सवय मोडणं हे त्याहून अवघड निघालं. स्टेजमागचा पडदा ते नव्या दरवाजावरच ताणायचे. म्हणून बुकिंगच्या पावतीवर अट छापली: दरवाजा झाकला तर अनामत जप्त. पहिली अनामत जप्त झाली ती एका कार्यकारिणी सदस्याच्याच घरच्या लग्नात. त्यांनी हुज्जत घातली नाही. पुढच्या बैठकीत अनामत दुप्पट करण्याचा ठराव त्यांनीच मांडला.