अंतराळनौकेतील मुक्काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, ऑरलँडो शहरानजीक, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या नावाचा जो अवाढव्य विहारनगरांचा समूह आहे, त्याच्या आवारात 1 मार्च 2022 रोजी ‘स्टार वॉर्स : गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ नावाचे एक विलक्षण वसतिस्थान खुले झाले, आणि अवघ्या एकोणीस महिन्यांनी, सप्टेंबर 2023 च्या अखेरीस, ते कायमचे बंदही झाले. येथे येणारा पाहुणा हॉटेलात उतरत नसे. तो ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या कथाविश्वातील ‘हॅल्सियन’ नामक काल्पनिक अंतराळनौकेचा प्रवासी होई, दोन रात्री तीत राही, आणि त्या मुदतीत त्याच्या भोवती वेषधारी नटांकडून एक अखंड कथानक घडवले जाई. कोणी या प्रकाराला उघड लूट म्हटले, तर कोणी आयुष्यातील अपूर्व सोहळा म्हणून त्याचे गोडवे गायले. कल्पनासृष्टीत बुडवून ठेवणाऱ्या अशा खर्चिक मुक्कामांचे मोल कसे ठरवावे, याविषयीच्या प्रचलित समजुती त्या एका उदाहरणावर घासून पाहण्याजोग्या आहेत. कारण या वादात दोन्ही पक्षांनी ज्या गोष्टी गृहीत धरल्या, त्यांतील बऱ्याच तपासाअंती टिकत नाहीत.

गैरसमज पहिला : हे एक महागडे हॉटेल होते आणि खोलीच्या मानाने त्याचे भाडे अवाच्या सवा होते.

वस्तुस्थिती : डिस्ने कंपनीने प्रारंभी नमुन्यादाखल जे दर जाहीर केले, त्यांनुसार दोन रात्रींसाठी दोन माणसांना 4,809 डॉलर, दोन प्रौढ व एक मूल यांना 5,299 डॉलर, आणि तीन प्रौढ व एक मूल यांना 5,999 डॉलर पडत. त्या वेळच्या विनिमयदराने जोडप्याचा खर्च साडेतीन लाख रुपयांच्या पुढे जाई, आणि विमानभाडे त्याहून वेगळे. एवढी रक्कम मोजून मिळणारी खोली मात्र लहानखुरी असे : एक मोठा पलंग, भिंतीत बसवलेले बंक, आणि खऱ्या खिडकीऐवजी तारे व ग्रह सरकत जाताना दाखवणारा एक पडदा. पोहण्याचा तलाव नाही, व्यायामशाळा नाही, आणि बाहेरून पाहिले तर सारी इमारत म्हणजे काँक्रीटचा एक निरलंकार ठोकळा.

परंतु खोलीवरून या मुक्कामाची किंमत करणे म्हणजे खुर्चीच्या वेतावरून नाटकाच्या तिकिटाचा दर ठरवण्यासारखे आहे. पाहुणा येथे मुख्यत्वे प्रयोग विकत घेत होता, आणि म्हणून हिशेबही प्रयोगाचाच मांडला पाहिजे. पहिल्या दिवशीच्या दुपारपासून तिसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत सुमारे 45 तास होत. त्यांतून निद्रा व प्रातर्विधी वजा जाता ढोबळमानाने 28 तास उरत. जोडप्याच्या रकमेतून दोन रात्रींचा चांगल्या हॉटेलातील निवास, विहारनगराची प्रवेशपत्रे आणि भोजने यांपोटी दोन हजार डॉलर बाजूला काढले, तर दर माणशी ताशी पन्नास डॉलरांच्या आसपास आकडा येतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अडीच तासांच्या संगीतिकेला शंभराहून अधिक डॉलर मोजणारा प्रेक्षकही ताशी साधारण तितकेच देत असतो. तेव्हा दर महाग होता यात संदेह नाही, पण तो निराधार नव्हता. त्या 28 तासांपैकी किती तास पाहुण्याच्या वाट्याला खरोखर प्रयोग येई, आणि किती तास तो नुसताच शोभिवंत भिंतींच्या सान्निध्यात बसून राही, यावर पुढचा सगळा निवाडा अवलंबून आहे.

गैरसमज दुसरा : दर सर्वसमावेशक होता, म्हणून खिशाला पुन्हा हात लावण्याचे कारण नव्हते.

वस्तुस्थिती : निवास, नौकेवरील भोजने, ‘डिस्नेज हॉलिवूड स्टुडिओज’ या शेजारच्या विहारनगरात एका दिवसाचा प्रवेश व तेथील एक जेवण, आणि मोटार लावून देण्याची सेवा, एवढे दरात अंतर्भूत होते. मद्य व विशेष पेये वेगळी होती. कप्तानाच्या मेजावर भोजनाचा मान हवा असल्यास माणशी 30 डॉलर अधिक पडत. आणि कथेतील पात्राप्रमाणे सजून यावे हा या खेळातला अलिखित शिरस्ता असल्यामुळे पोशाख, प्रकाशखड्ग, आभूषणे यांचा खर्च अनेकांनी घरूनच करून आणलेला असे किंवा नौकेवरील दुकानात तो नव्याने होई. पोशाखाची सक्ती कोणावर नव्हती हे खरे. परंतु सारी पंगत झगे आणि शिरस्त्राणे घालून बसली असता साध्या सदऱ्यातला माणूस आपोआप परका ठरतो, आणि परकेपण टाळण्यासाठी केलेला खर्च जाहीर दरपत्रकात कधीच दिसत नाही.

गैरसमज तिसरा : एवढे पैसे मोजल्यावर अनुभव आपोआप चालून येतो.

वस्तुस्थिती : हाच गैरसमज पाहुण्यांना सर्वांत महाग पडला. नौकेवर चढण्याचा विधीच पाहा. पाहुण्यांना एका लहानशा कक्षात उभे करीत, दार मिटे, छतावरील व भिंतीवरील पडद्यांतून पृथ्वी मागे पडून अंधार व तारे दिसू लागत, किंचित कंप जाणवे, आणि दार उघडताच समोर नौकेचा चकचकीत सभामंडप असे. वास्तविक ते एक उद्वाहन होते. विहारनगरात नेणारे वाहनदेखील बिनखिडक्यांचे ठेवले होते, जेणेकरून फ्लॉरिडाचे ऊन आणि डांबरी रस्ता यांचे दर्शन होऊन भ्रमाचा भंग होऊ नये. भोजनात निळ्या रंगाची कोळंबी वाढली जाई, निळे दूध मिळे, आणि सेवकवर्ग नौकेवरील खलाशांच्याच भाषेत बोले. येथपर्यंतचा बंदोबस्त चोख होता, आणि तो प्रत्येक पाहुण्याला सारखाच लाभे.

येथून पुढे मात्र समता संपत असे. कथानकात परस्परविरोधी पक्ष होते, आणि पाहुण्याने कोणाशी संधान बांधावे, कोणाचा गुप्त निरोप पोहोचवावा, कोणाला दगा द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. नौकेच्या सुकाणूगृहात पाहुण्यांच्या तुकड्यांना शस्त्रे, कवच आणि मालाची उचल यांची यंत्रे प्रत्यक्ष हाताळायला देत. प्रकाशखड्गाचे शिक्षण असे. आणि कप्तान रियोला कीव्हन या पात्राला भर सभामंडपात गाठून दोन शब्द बोलण्याचे धाडस जो करी, त्याला पुढे गुप्त बैठकीचे आमंत्रण येण्याचा संभव असे. पुष्कळसा कारभार भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपमार्फत चाले. पात्रे त्यावर संदेश धाडीत आणि पाहुण्याच्या उत्तरांवरून त्याचा पुढला मार्ग ठरे. याचा अर्थ असा की, जो स्वभावतः पुढे घुसणारा, अपरिचितांशी नाट्यमय संवाद करण्यास न लाजणारा आणि मूळ कथाविश्वाचा जाणकार, त्याच्या पदरी भरघोस माप पडे. आणि जो संकोची, अथवा पत्नीच्या वा मुलांच्या आग्रहाखातर आलेला, तो तेवढेच डॉलर देऊन बहुतेक वेळ इतरांचा खेळ पाहत राही. वेळापत्रकही इतके गच्च होते की विश्रांतीच्या अपेक्षेने आलेल्याला विश्रांती लाभत नसे, आणि विश्रांती घेणाऱ्याच्या हातून कथेचे धागे निसटत.

गैरसमज चौथा : जाऊन आलेले लोक मुक्तकंठाने स्तुती करतात, यापेक्षा सबळ पुरावा कोणता हवा?

वस्तुस्थिती : अशा स्तुतीची साक्ष दोन कारणांनी सावधपणे घ्यावी लागते. पहिले असे की, पाच-सहा हजार डॉलर केवळ दोन रात्रींसाठी देण्यास जो सिद्ध होतो, तो त्या कथाविश्वाचा निस्सीम भक्तच असण्याचा संभव अधिक. भक्तांच्या मेळ्यात घेतलेला कौल सर्वसाधारण प्रवाशाला लागू पडत नाही. दुसरे असे की, मोठी रक्कम एकदा हातची गेल्यावर ती व्यर्थ गेली असे स्वतःशी कबूल करणे मनुष्यस्वभावाला जड जाते, आणि स्तुतीतला काही अंश आपल्याच निर्णयाच्या समर्थनार्थ केलेला असतो.

उलट बाजूची साक्षही भक्तांच्याच गोटातून आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जेनी निकल्सन या अमेरिकन समीक्षिकेने मे 2024 मध्ये यूट्यूबवर सुमारे चार तासांची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. ती स्वतः या कथाविश्वाची रसिक, पदरमोड करून गेलेली, पोशाखानिशी सज्ज. तिच्या कथनानुसार अ‍ॅपने तिच्या निवडींची यथोचित दखलच घेतली नाही, त्यामुळे तिच्या वाट्याचे कथानक जवळजवळ घडलेच नाही; आणि रात्रीच्या भोजनसमयी गायिकेचा कार्यक्रम चालू असता तिला जे आसन मिळाले, ते एका खांबाआड होते. एकाच्या तक्रारीवरून सर्वांचा अनुभव ठरत नाही, हे मान्य. तथापि उत्साह, ज्ञान आणि तयारी या तिन्ही बाबतींत जो पाहुणा आदर्श म्हणावा, त्यालादेखील वचन दिलेल्या वस्तूची हमी मिळत नव्हती, एवढे या साक्षीवरून दिसते. नाट्यगृहात खांबाआडचे आसन स्वस्त दराने विकतात, किंवा निदान ते तसे आहे हे तिकीट घेणाऱ्यास आधी सांगतात. येथे तशी सोय नव्हती.

गैरसमज पाचवा : ते बंद पडले, त्या अर्थी पाहुण्यांना तेथे काहीच मिळत नसले पाहिजे.

वस्तुस्थिती : मालकाचा नफा आणि पाहुण्याचे समाधान हे दोन निराळे जमाखर्च आहेत. नौकेवर खोल्या अवघ्या शंभर. सर्व पाहुणे एकाच दिवशी येत व एकाच दिवशी जात, म्हणून एखादी रात्र सुटी विकण्याची सोय नाही. नटांचा ताफा मात्र खोल्या भरोत वा न भरोत, तेवढाच लागे. शिवाय साधे हॉटेल प्रवाशांच्या पुनरागमनावर जगते, तर येथे कथानक एकदा उलगडल्यावर तीच रक्कम भरून पुन्हा येणारा विरळा. आरंभीच्या महिन्यांत भक्तांनी आरक्षणे भरून काढली. ती लाट ओसरल्यावर मागणी मंदावली, आणि 18 मे 2023 रोजी कंपनीने बंद करण्याची घोषणा केली. त्यानंतर उरलेल्या सफरींसाठी पुन्हा झुंबड उडाली. म्हणजे चाहते होते; एवढ्या दराने वर्षानुवर्षे शंभर खोल्या भरतील इतके ते नव्हते. नटांचे काम आणि कल्पनेची भव्यता यांविषयी टीकाकारांनीही बहुधा आदरानेच लिहिले.

गैरसमज सहावा : हे परदेशी श्रीमंतांचे खूळ, आपल्याला त्याचे काय?

वस्तुस्थिती : गतकाळात किंवा कल्पित विश्वात मुक्काम विकण्याचा व्यवसाय आपल्याकडे चांगला रुजलेला आहे. राजेशाही प्रवासाचा आभास देणारी ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही आगगाडी 1982 पासून राजस्थानात फिरते. महाराष्ट्राची ‘डेक्कन ओडिसी’ 2004 मध्ये सुरू झाली आणि महासाथीच्या काळातील खंडानंतर 2023 मध्ये पुन्हा रुळांवर आली. किल्ले व वाडे यांची हॉटेले झाली आहेत. दुसऱ्या टोकाला, कृषी पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले, आणि शेतावर राहून भाकरी थापणे, बैलगाडीत बसणे, हुरडा खाणे हाही त्याच जातीचा, फक्त पुष्कळ स्वस्त, अनुभव आता अनेक गावी मिळतो. या सर्वांना वर मांडलेला हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. दर दिवसाच्या भाड्यापेक्षा दर जागृत तासाला घडणारी गोष्ट मोजावी. शेतकऱ्याच्या कुटुंबाबरोबर खरोखर दिवस घालवता येत असेल, तर हजार-दोन हजार रुपयांतही अनुभव अस्सल ठरतो, आणि केवळ पगडी घातलेला द्वारपाल व भिंतीवरच्या ढाली एवढीच मालमत्ता असेल, तर पन्नास हजार रुपयांतही तो पोकळ ठरतो.

निवाडा असा : गॅलॅक्टिक स्टारक्रूझरचा मुक्काम त्या कथाविश्वात वाढलेल्या, चारचौघांत भूमिका करण्याची हौस असलेल्या आणि खर्चाने ज्याचे घर अडचणीत येत नव्हते अशा पाहुण्याला किफायतशीर होता, कुतूहलाने आलेल्या सर्वसाधारण कुटुंबाला तो नव्हता, आणि सर्वांना एकच दर लावून सर्वांना एकच वचन देण्यात व्यवस्थापनाची चूक झाली. आता अशा कोणत्याही मुक्कामाचे आरक्षण करण्यापूर्वी वाचकाने आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : नटांशी किंवा यजमानांशी प्रत्यक्ष संबंध किती तास येईल, दरात काय धरलेले नाही, आणि योजलेला भाग यंत्राच्या वा व्यवस्थेच्या दोषाने हुकल्यास परतावा मिळेल काय. तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जेथे मिळत नाही, तेथे आगाऊ रक्कम भरू नये.