जुना लॅपटॉप सुरू होता होता का विझतो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुना लॅपटॉप सुरू होता होता मध्येच बंद पडू लागला, की बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो आणि पहिला उपाय म्हणून त्यात विंडोज नव्याने टाकून घेतली जाते, म्हणजे व्यवहारातल्या भाषेत लॅपटॉप ‘फॉरमॅट मारला’ जातो. या उपायाने दोष क्वचितच जातो. साठवलेले फोटो आणि कागदपत्रे मात्र अनेकदा जातात. ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली तर यंत्र अडकून बसते, निळा पडदा दाखवते किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते. याउलट पंखा, दिवे आणि पडदा एकाच क्षणी विझत असतील, तर आतला वीजपुरवठाच तुटलेला असतो, आणि तो बहुधा मदरबोर्डवरच्या किंवा बॅटरीतल्या संरक्षक यंत्रणेने जाणूनबुजून तोडलेला असतो. म्हणून लॅपटॉप रीस्टार्ट होतो की विझतो, आणि विझत असल्यास बटण दाबल्यापासून किती वेळाने विझतो, या दोन गोष्टींची नोंद कोणत्याही दुरुस्तीच्या आधी व्हायला हवी.

बटण दाबल्यावर सर्वप्रथम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला बायोस हा प्रोग्रॅम जागा होतो, तो प्रोसेसर, रॅम आणि डिस्क जागेवर आहेत का हे तपासतो, आणि त्यानंतरच डिस्कवरची विंडोज वाचायला सुरुवात होते. पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह झळकत असतानाच लॅपटॉप विझत असेल, तर विंडोज आणि तिच्यातला संभाव्य व्हायरस यांची पाळी अजून आलेलीच नसते. याची खात्री करणे सोपे आहे : सुरू होताना एफ-टू, डिलीट, एस्केप यांसारखी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून बायोसच्या सेटिंगमध्ये शिरावे आणि लॅपटॉप तसाच पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावा. तो तेथेही विझला तर फॉरमॅटचा विचार सोडून द्यावा. तो तेथे टिकला, तर दोष विंडोजचाच, असा निष्कर्ष मात्र लगेच काढता येत नाही, कारण विंडोज चढताना प्रोसेसरवर पडणारा भार बायोसमधल्या भारापेक्षा बराच जास्त असतो; अशा वेळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी, आणि तीही चढताना यंत्र विझले तर विंडोज निर्दोष ठरते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद दिसली, की तीच बिघाडाचे कारण समजून तिच्यावरचे उपाय शोधले जातात. ही नोंद फक्त एवढेच सांगते, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ती घटना घडून गेल्यावर, पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते, आणि वीज का तुटली हे विंडोजला स्वतःलाही ठाऊक नसते.

दर वेळी ठरल्याप्रमाणे चार-पाच सेकंदांतच लॅपटॉप विझत असेल, तर महागड्या कारणांच्या आधी पॉवरचे बटण पाहावे. अडकलेले यंत्र सक्तीने बंद करता यावे म्हणून हे बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरल्यास वीज तोडण्याची सोय मदरबोर्डमध्येच केलेली असते; त्यामुळे चहा सांडून किंवा धूळ बसून बटण आत चिकटून राहिले, तर यंत्र सुरू होते आणि तेच चिकटलेले बटण त्याला लगेच बंदही करते. दोष किरकोळ असतो, पण तो लक्षात न आल्यामुळे मदरबोर्ड बदलण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, ही खेदाची बाब आहे.

अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंतच्या अवधीने यंत्र विझत असेल, लगेच पुन्हा सुरू केल्यास आधीपेक्षा लवकर विझत असेल आणि तासभर विसावा दिल्यावर जास्त टिकत असेल, तर कारण बहुधा उष्णता हेच असते. ‘पंखा फिरतो आहे आणि लॅपटॉप हाताला गरमही लागत नाही, मग तापण्याचा प्रश्नच कोठे येतो,’ हा युक्तिवाद येथे हमखास केला जातो आणि तो चुकीचा आहे. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ धातूच्या पात्यांपर्यंत येते आणि पंखा त्या पात्यांमधून हवा बाहेर फेकतो. वर्षानुवर्षांची धूळ पंखा आणि पात्या यांच्यामध्ये नमद्यासारखी दाबून बसते, त्यामुळे पंखा जोरात फिरत असूनही हवा बाहेर पडत नाही. शिवाय प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यातली सूक्ष्म फट भरणारा थर्मल पेस्ट नावाचा लेप कालांतराने सुकतो, आणि मग उष्णता त्या पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणूनच आतला प्रोसेसर भाजत असताना बाहेरचे प्लास्टिक थंड राहू शकते. साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास आधुनिक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेले, तर तो विंडोजला न विचारता थेट वीज तोडण्याचा इशारा देतो. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये पंखा फिरत नसल्याचे सुरुवातीलाच लक्षात येते, आणि ‘फॅन एरर’ असा संदेश दाखवून यंत्र बंद होते.

खालून हवा देणारा कूलिंग पॅड यावर पुरेसा ठरत नाही, कारण अडथळा आत असतो, आणि लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय तर घातक आहे, कारण बाहेर काढताच दमट हवेतले पाणी थंड मदरबोर्डवर दवासारखे साचते. लॅपटॉप उघडून धुळीचा थर काढणे, जुना लेप पुसून नवा लावणे आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे, म्हणजे ते बेफाम फिरून पंखा खराब होत नाही, एवढीच खरी दुरुस्ती.

बॅटरीविषयीचा गैरसमज टक्केवारीतून येतो. पडद्यावर 40 टक्के दिसत असताना लॅपटॉप विझला, तर बॅटरीवर संशय घेतला जात नाही. पण ती टक्केवारी हा एक अंदाज असतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना सुमारे 4.2 व्होल्ट देतो, आणि तो जुना होत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढत जातो. परिणामी सुरू होताना प्रोसेसरने एकदम जास्त वीज ओढली, की सेलचा व्होल्टेज क्षणात घसरतो आणि बॅटरीतले संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. चार्जर लावल्यावर यंत्र नीट सुरू होते आणि केवळ बॅटरीवर विझते, हा पुरावा पुरेसा आहे. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती टोचू किंवा दाबू नये आणि पुन्हा चार्जही करू नये.

‘लाइट कमी-जास्त होते म्हणून लॅपटॉप बंद पडतो,’ हेही सहसा खरे नसते. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते आणि त्या मर्यादेतला चढउतार तो स्वतः पचवतो. लाइट गेल्याबरोबर लॅपटॉप विझत असेल, तर दोष बॅटरीचा धरावा. मात्र पिन बसली म्हणजे कोणताही चार्जर चालतो, ही समजूत खरोखर नडते. 19 व्होल्ट आणि 3.42 अँपिअरचा अडॅप्टर सुमारे 65 वॅट देतो. त्याच्या जागी 45 वॅटचा लावला, तर मीटरवर व्होल्टेज ठीक दिसतो, पण भार पडताच तो कोसळतो. म्हणून तपासणी दुसऱ्या, योग्य क्षमतेच्या चार्जरने करावी.

खराब रॅममुळे बहुधा निळा पडदा, बीपचे आवाज किंवा रीस्टार्ट घडतो, आणि नाण्याच्या आकाराची 3 व्होल्टची सीमॉस बॅटरी संपली तर घड्याळ व सेटिंग विसरले जातात. यंत्र विझण्याचे खापर या दोघांवर क्वचितच फोडता येते.

वरील सर्व तपासून झाल्यावर मदरबोर्ड उरतो. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही तोशिबा लॅपटॉपमध्ये एनईसी-टोकिनचा एक चपटा कपॅसिटर असे, ज्याचे काम प्रोसेसरला मिळणारी वीज स्थिर ठेवण्याचे होते. तो जीर्ण झाला, की विंडोज चढताना यंत्र अडकत किंवा विझत असे, आणि जाणकार कारागीर त्याच्या जागी छोटे टँटलम कपॅसिटर जोडून तोच बोर्ड पुन्हा चालता करीत. तेव्हा ‘बोर्ड गेला’ या निदानावर, नेमका कोणता भाग गेला, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

दुरुस्ती परवडणारी नसली, तरी माहिती गेली असे समजू नये. डिस्क काढता येण्याजोगी असल्यास ती यूएसबी केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. ती विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कुलूपबंद असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की लागते, आणि विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला जात असल्यास ती बहुधा त्या खात्यात जतन झालेली असते.