प्रश्न आधी, यंत्रे नंतर : कृषी विद्यापीठ ग्रंथालयातील सामायिक तंत्र-अध्ययन कक्षाचे नियोजन

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे तिरुक्करुगावूर हे गाव गर्भरक्षांबिका देवीच्या मंदिरामुळे भाविकांना परिचित आहे. शेतीच्या दृष्टीने ते कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातपट्ट्यात येते. या पट्ट्यातील हंगाम मेट्टूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असतो. धरणाचे दरवाजे उघडण्याची प्रचलित तारीख १२ जून आहे. पाणी वेळेवर सुटले तर अल्प मुदतीचे ‘कुरुवै’ भात घेऊन त्यानंतर ‘ताळडी’चे दुसरे पीक घेता येते. पाण्यास उशीर झाला तर कुरुवैची कापणी ईशान्य मोसमी पावसात सापडण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी दीर्घ मुदतीचे ‘सांबा’ हे एकच पीक घेणे अनेकांना इष्ट वाटते. सुमारे ११० दिवसांचे ए.डी.टी. ४३ लावावे, की १५० दिवसांहून अधिक काळ घेणाऱ्या सी.आर. १००९ चे पाण्याखाली तग धरणारे ‘सब १’ हे सुधारित रूप निवडावे, हा निर्णय थोड्या दिवसांत घ्यावा लागतो. तो चुकला तर हंगाम वाया जातो.

या निर्णयाला आधार देणारे ज्ञान जवळच उपलब्ध आहे. त्याच तंजावर जिल्ह्यातील आडुदुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र कार्यरत आहे. महाराष्ट्रातील परिस्थितीही फारशी वेगळी नाही. पाऊस लांबला तर कापूस, सोयाबीन किंवा तूर यांपैकी काय पेरावे, याचे जिल्हानिहाय आपत्कालीन पीक नियोजन हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने राज्यांतील कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने तयार केलेले आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांत प्रबंध, अहवाल व शिफारशी यांचा मोठा साठा आहे. ज्ञान आणि निर्णय यांतील अंतर कमी करणारी जागा कोणती असावी, हा खरा प्रश्न आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील सामायिक तंत्र-अध्ययन कक्ष हे त्याचे एक उत्तर ठरू शकते. मात्र त्यासाठी त्याचे नियोजन योग्य क्रमाने व्हावयास हवे.

कक्षाची संकल्पना

पाश्चात्त्य विद्यापीठांत अशा कक्षाला ‘लर्निंग कॉमन्स’ म्हणतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९२ मध्ये सुरू झालेले ‘इन्फर्मेशन आर्केड’ हे त्याचे एक आरंभीचे उदाहरण होय. वाचनकक्षात शांतता अपेक्षित असते, तर या कक्षात चर्चा अपेक्षित असते. गटाने बसण्याची सोय, संगणक व ध्वनिचित्र साधने, आणि ग्रंथपाल व तंत्रसाहाय्यक यांचे एकत्र मदतकेंद्र ही त्याची मुख्य अंगे असतात. कृषी विद्यापीठात यात आणखी एका अंगाची भर पडते. रोगट पान, कीड किंवा माती-पाण्याचा नमुना घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तेथे स्थान असावे लागते.

कावेरीकाठची परंपरा

ग्रंथालय आणि प्रत्यक्ष उपयोग यांची सांगड घालण्याची परंपरा याच प्रदेशात जुनी आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोठा विस्तार केला. ग्रंथसंग्रहाबरोबरच त्यांनी वैद्यकीय संशोधनासाठी धन्वंतरी महाल चालविला. देवनागरी मुद्रणालय आणि नवविद्या शिकविणाऱ्या शाळाही काढल्या. त्यामुळे औषधाचा पाठ, त्याचा प्रयोग आणि त्याचे मुद्रण यांची सोय एकाच आश्रयाखाली झाली. आज ‘सामायिक कक्ष’ या नावाने जे योजिले जाते, त्याचे बीज या रचनेत दिसते. परंतु हा संग्रह सर्वसामान्यांसाठी खुला झाला तो १९१८ मध्ये. उत्तम संग्रह आणि खुला प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये याच त्रिभुज प्रदेशातील सीरकाळी येथे झाला. त्यांची पंचसूत्री १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा तिचा आशय आहे. त्याच वर्षी मन्नारगुडी परिसरात बैलगाडीवरील फिरते ग्रंथालय सुरू झाले. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हा विचार त्या गाडीने कृतीत आणला.

तिरुवैयारु व पुदुच्चेरीचा अनुभव

कुंभकोणम ही डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांची जन्मभूमी. त्यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ पासून पुदुच्चेरी परिसरात ग्रामीण ज्ञानकेंद्रे उभारली. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या सहकार्याने ऑक्टोबर २००४ मध्ये ग्राम संसाधन केंद्रांच्या पहिल्या समूहाचे उद्घाटन झाले. तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु हे त्यांपैकी एक केंद्र होय. उपग्रहाद्वारे होणाऱ्या दुहेरी संपर्कामुळे तेथील शेतकऱ्यांना चेन्नईतील तज्ज्ञांशी समोरासमोर बोलता येऊ लागले.

ही केंद्रे विद्यापीठ ग्रंथालयाचा भाग नव्हती. तरीही त्यांच्या उभारणीतील तीन गोष्टी ग्रंथालयाच्या नियोजकांना उपयुक्त आहेत. पहिली गोष्ट म्हणजे, गावकऱ्यांना कोणती माहिती हवी आहे याची पाहणी आधी करण्यात आली. दुसरी, जागा गावाने द्यावी आणि तेथे सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना प्रवेश असावा, अशी अट घालण्यात आली. केंद्र चालविण्याचे काम स्थानिक स्वयंसेवकांकडे, विशेषतः स्त्रियांकडे देण्यात आले. तिसरी गोष्ट वीरमपट्टिणम या मच्छीमार गावातील आहे. तेथे अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून मिळणारा लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिवर्धकावरून तमिळमध्ये ऐकविला जात असे. संगणक एका खोलीत होता, पण माहिती किनाऱ्यापर्यंत पोहोचत होती.

नियोजनाचा क्रम

या अनुभवांच्या आधारे कृषी विद्यापीठातील कक्षाचे नियोजन पुढील क्रमाने करता येईल.

१. प्रश्नांची नोंद : खरेदीची यादी करण्यापूर्वी किमान एका हंगामातील प्रश्न एकत्र करावेत. विद्यापीठाचे कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्र, कृषी विज्ञान केंद्रे, विस्तार कार्यकर्ते आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्याकडे येणारे प्रश्न विषयवार मांडावेत. कीड ओळखण्याचे प्रश्न अधिक असतील तर सूक्ष्मदर्शक व छायाचित्रणाची सोय आधी करावी. बाजारभाव व प्रक्रिया उद्योग यांविषयीचे प्रश्न अधिक असतील तर गटचर्चेची जागा व माहितीसंच यांना प्राधान्य द्यावे.

२. जागेची विभागणी : कक्ष शक्यतो तळमजल्यावर असावा. विद्यार्थ्यांच्या ओळखपत्राची सक्ती नसलेले स्वतंत्र प्रवेशद्वार त्याला असावे. शांत वाचन, गटचर्चा, नमुना तपासणी आणि ध्वनिमुद्रण असे चार भाग पाडावेत. नमुना तपासणीचे मेज धुता येणारे असावे आणि ते ग्रंथांपासून दूर असावे. रोगट नमुने बंद पिशवीतच स्वीकारावेत व त्यांची विल्हेवाट ठरावीक पद्धतीने लावावी. अन्यथा कीड व बुरशी ग्रंथसंग्रहात शिरण्याचा धोका असतो.

३. ज्ञानसाठ्याची वाट : ‘कृषिकोष’ या राष्ट्रीय भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध व जुनी प्रकाशने आहेत. ‘सेरा’ या समूह योजनेद्वारे संशोधन नियतकालिके सदस्य संस्थांना मिळतात. हे साहित्य बहुतांशी इंग्रजीत असते. म्हणून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर मराठीत एका पानाची उत्तरपत्रिका तयार करावी. तिच्यावर शिफारशीचे वर्ष, लागू होणारा विभाग आणि जमिनीचा प्रकार ठळकपणे नमूद करावा. नागपूर विभागाची शिफारस सोलापूरच्या अवर्षणप्रवण भागात जशीच्या तशी लागू पडत नाही.

४. मध्यस्थ व्यक्ती : कक्षाचा सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे प्रश्न समजून घेणारी व्यक्ती. ‘पीक पिवळे पडले’ या तक्रारीमागे नत्राची कमतरता, लोहाची कमतरता, पाणथळपणा किंवा विषाणूजन्य रोग यांपैकी काहीही असू शकते. योग्य प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय योग्य संदर्भ सापडत नाही. यासाठी एक ग्रंथपाल कायमस्वरूपी नेमावा. विषयतज्ज्ञांची पाळी आठवड्याच्या वेळापत्रकानुसार लावून ते वेळापत्रक आगाऊ प्रसिद्ध करावे.

५. वेळ व भाषा : खरीप व रब्बी पेरणीच्या काळात कक्षाची वेळ वाढवावी. आठवडी बाजाराच्या दिवशी तो दुपारच्या सुट्टीतही खुला ठेवावा. संगणकांवर मराठी टंकलेखनाची, तसेच बोलून प्रश्न विचारण्याची सोय असावी. महिला शेतकरी व बचत गटांसाठी स्वतंत्र सत्रे योजावीत.

६. कक्षाबाहेरचा मार्ग : प्रत्येक उत्तर शेतापर्यंत कसे जाईल, हे आधीच ठरवावे. छापील उत्तरपत्रिका, भ्रमणध्वनीवरील ध्वनिसंदेश, कृषी विज्ञान केंद्राची भेट किंवा शेतीशाळा यांपैकी योग्य मार्ग निवडावा. मन्नारगुडीची बैलगाडी आणि वीरमपट्टिणमचा ध्वनिवर्धक यांचे कार्य आज या साधनांनी करावयाचे आहे.

७. वाढीची तरतूद : रंगनाथन यांचे पाचवे सूत्र येथे शब्दशः लागू होते. फर्निचर हलविता येणारे असावे. विजेची व जाळ्याची जोडणी गरजेपेक्षा अधिक ठिकाणी द्यावी. उपकरणे एकदम न घेता टप्प्याटप्प्याने घ्यावीत. दुरुस्ती, वर्गणी व प्रशिक्षण यांसाठी दरवर्षीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात दाखवावी. ती नसेल तर हमी संपताच यंत्रे बंद पडून राहतात.

यशाचे मोजमाप

अशा कक्षाचे मूल्यमापन संगणकांच्या किंवा भेट देणाऱ्यांच्या संख्येवरून केल्यास दिशाभूल होते. त्याऐवजी प्रश्नवही ठेवावी. तारीख, प्रश्न, दिलेले उत्तर, त्याचा आधार आणि उत्तर देण्यास लागलेला वेळ यांची नोंद तीत करावी. काढणीनंतर निवडक शेतकऱ्यांकडून निष्पत्ती विचारून ती त्याच पानावर लिहावी. उत्तर चुकले असेल तर तेही नोंदवावे. उत्तर न सापडलेल्या प्रश्नांची यादी दरवर्षी संशोधन संचालनालयाकडे पाठवावी. त्यातून पुढील संशोधनाचे विषय मिळू शकतात आणि शेतकऱ्याचा प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो.

या कामात विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांचा सहभाग उद्घाटनानंतर सुरू होण्याऐवजी आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून असावा. पाणी किंवा पाऊस लांबलेल्या आठवड्यात शेतकऱ्याला काय विचारावयाचे असते, हे तेच सांगू शकतात. तिरुक्करुगावूरच्या भातखाचरात असो वा मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारात, निर्णयासाठी थोडेच दिवस हाती असतात. त्या दिवसांत विश्वसनीय उत्तर मिळाले, तरच ग्रंथालयाच्या कपाटातील ज्ञान शेतीच्या उपयोगी पडले असे म्हणता येईल.